टेकाडाचं वय

इंदिरानगरमधल्या आपल्या रिकाम्या प्लॉटवरचं टेकाड सातवाहनांच्या काळातलं आहे, हे मोहिनीबाई गायधनींना एका गुरुवारी संध्याकाळी मेथी निवडताना कळलं. जुडीखाली सायंदैनिक ‘गंगाकाठ’ पसरलेलं होतं आणि मेथीची माती नेमकी मथळ्यावर पडत होती. ‘इंदिरानगरात दोन हजार वर्षांपूर्वीचं टेकाड. गोदातीर इतिहास मंडळाचा सात विरुद्ध पाच मतांनी निर्णय.’

मोहिनीबाईंनी मेथी बाजूला सारली, चष्मा लावला आणि बातमी पुन्हा वाचली. टेकाड दोन हजार वर्षांचं नव्हतं. ते नऊ वर्षांचं होतं आणि त्यांच्या यजमानांनी ट्रकने आणलं होतं.

मोहिनीबाई एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रयोगशाळेत होत्या. कोळसा आला की त्यात राख किती निघेल हे सांगायचं, आणि राख निघाली की ती कशी आहे हे सांगायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. प्लॉट घेतला तेव्हा यजमानांनी, म्हणजे गोरक्षरावांनी, घराच्या जोत्यात भरायला तिथलीच राख आणून टाकली. ती फुकट मिळत होती आणि फुकट मिळणारी वस्तू सोडणं गोरक्षरावांच्या स्वभावात नव्हतं. मग मुलीचं शिक्षण निघालं, लग्न निघालं, घर राहून गेलं. राख उडते म्हणून शेजाऱ्यांनी तक्रार केली, तेव्हा गोरक्षरावांनी तिच्यावर चुना टाकून पाणी मारलं. चुन्याने राख दगडासारखी धरली, वर गवत उगवलं, गवतावर शेळ्या आल्या, आणि चारदोन पावसाळ्यांत ते रीतसर टेकाड झालं.

आता मात्र घर बांधायलाच हवं होतं. एप्रिलअखेर मोहिनीबाई निवृत्त होणार होत्या आणि वसाहतीतलं क्वार्टर सोडावं लागणार होतं. नकाशा झाला होता, कंत्राटदार ठरला होता, परवानगीची फाईल शेवटच्या सहीपर्यंत पोचली होती.

“अहो, हे वाचलंत का?” त्यांनी विचारलं.

“वाचलं म्हणजे? कात्रण काढायला दुसरा अंक आणलाय,” गोरक्षराव म्हणाले. ते सिन्नर डेपोत मेकॅनिक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. “खाली बघ. ‘टेकाडाचे विद्यमान मालक श्री. गोरक्ष गायधनी.’ विद्यमान! आमदाराला म्हणतात तसं.”

“ती राख तुम्हीच आणलीत ना?”

“आणली की. पण आणली तेव्हा ती किती जुनी होती, हे कुठं विचारलं होतं मी?”

या वाक्यावर मोहिनीबाईंना तेव्हा फक्त राग आला.

दुसऱ्या दिवशी त्या प्लॉटवर गेल्या. टेकाडाच्या माथ्यावर निळी लोखंडी पाटी रोवलेली होती: ‘ऐतिहासिक टेकाड. खोदू नये. चढू नये. थुंकू नये.’ पाटी रोवणाऱ्याला वर चढून खोदावं लागलं असणार, हे उघड होतं. थुंकण्याबद्दल खात्री देता आली नसती.

तिथून त्या बांधकाम परवानगीच्या कार्यालयात गेल्या. फाईल भिकन अहिरे नावाच्या तरुण इंजिनिअरकडे होती.

“मॅडम, फाईल एकदम क्लिअर होती,” तो म्हणाला. “पण काल साहेबांनी पेपर वाचला ना.”

“ती राख आहे. चुना मारलेली.”

“असंल. मी कुठं नाय म्हणतो? पण पेपरात सातवाहन आलंय. मंडळाकडून ना हरकत आणा, लगेच सही.”

“मंडळाला कायद्याने काही अधिकार आहे का?”

“अधिकार नाय हो मॅडम,” भिकन आवाज खाली आणून म्हणाला. “पण पान हाय त्यांच्याकडं.”

ते खरं होतं. ‘गंगाकाठ’च्या संपादकांनी दर गुरुवारचं एक पान गोदातीर मंडळाला देऊन टाकलं होतं. दर आठवड्याला पानभर इतिहास सापडणं कठीण, म्हणून उरलेल्या जागेत मंडळ परिसराच्या बातम्या छापायचं, पण मंडळाच्या प्रतिष्ठेला शोभतील अशाच रीतीने. ‘मंगळवारी पाणी येणार नाही. सन १९२६ मध्येही एका मंगळवारी आले नव्हते.’ ‘पांढरा कुत्रा हरवला आहे. उजव्या कानावर काळा ठिपका. असे कुत्रे पेशवाईत आढळत.’ मंगळवारी पाणी खरोखरच येत नसे. त्यामुळे पेशवाईतल्या कुत्र्यांवरही लोकांचा विश्वास बसला होता.

टेकाडाचा शोध अशाच एका बातमीमुळे लागला. मंडळाच्या सचिव संध्याताई बोरस्ते गॅसची गाडी कुठल्या गल्लीत थांबते ते पाहायला गेल्या होत्या. पाय दुखले म्हणून टेकाडावर टेकल्या, तर हाताला एक खापर लागलं आणि काचेसारखा चमकणारा काळा खडा लागला. खापर शेजारच्यांच्या तुळशीच्या कुंडीचं होतं आणि खडा बॉयलरमधला होता. पण संध्याताईंच्या मते लोखंड गाळल्याशिवाय असा खडा तयार होत नाही आणि लोखंड गाळणारे लोक जेवायला मातीचीच भांडी वापरत असणार.

मंडळाची सभा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत भरत असे. खाली गिरणी चालू असली की वर सगळं थरथरायचं, आणि फळीच्या फटींतून येणारं पीठ सदस्यांच्या डोक्यावर बसल्याने ते होते त्याहून वयस्कर दिसायचे. मोहिनीबाई नोव्हेंबरच्या सभेला गेल्या, सदस्य झाल्या आणि बोलायला उभ्या राहिल्या. शेजारी गोरक्षरावही बसले होते. विद्यमान मालक म्हणून त्यांना मंडळाने आधीच सन्माननीय सदस्य करून घेतलं होतं.

“टेकाड राखेचं आहे,” मोहिनीबाई म्हणाल्या. “ही राख एकलहऱ्याची आहे. मी तपासली आहे. आमच्या यांनी ती ट्रकने आणली.”

खोलीत नाराजी पसरली, पण सगळे सभ्य होते.

“ताई, सातवाहनांच्या काळात राख नव्हती का?” खैरनार सरांनी विचारलं. हे निवृत्त चित्रकला शिक्षक आणि मंडळातले अतिप्राचीन गटाचे पुढारी.

“होती. पण ही ती नाही.”

“कशावरून?”

“हे इथे बसलेत ना. विचारा यांना.”

सगळ्यांनी गोरक्षरावांकडे पाहिलं. गोरक्षराव सदऱ्यावरचं पीठ झटकू लागले. “ट्रक आणला होता हे खरंय,” ते म्हणाले. “पण ट्रक रिकामा केला तेव्हा अंधार होता. खाली आधीपासून काय होतं, ते मी कसं सांगू?”

खोलीत समाधानाचा हुंकार उमटला. मोहिनीबाईंनी यजमानांकडे असं पाहिलं की ते पुढचा अर्धा तास खिडकीबाहेर बघत राहिले.

अध्यक्ष वामनराव क्षेमकल्याणी हे निवृत्त पोस्टमास्तर, अत्यंत सौम्य माणूस. ते म्हणाले, “ताई, तुमची अडचण समजली. पण आपल्याकडं वय मतांनी ठरतं. मंडळात पूर्वी दोन तज्ज्ञ होते आणि त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. म्हणून घटनेत मतदान घातलं. तेव्हापासून भांडण नाही.”

“मग माझी सूचना मताला टाका. टेकाडाचं वय नऊ वर्षं.”

वामनरावांना मनापासून वाईट वाटलं. “नऊ नाही करता येणार. कलम सात. एका सभेत शंभर वर्षांहून जास्त कमी करता येत नाही.”

“का?”

“मागं एकदा एका सदस्यानं रागाच्या भरात दुसऱ्याची चारशे वर्षांची बारव एकदम मागच्या मंगळवारवर आणली होती. माणूस आजारी पडला हो. तेव्हापासून शंभराची मर्यादा. शंभर मागा, मी स्वतः हात वर करतो.”

मोहिनीबाईंनी शंभर मागितली. वामनरावांनी हात वर केला, बाकीच्यांनीही नव्या सदस्याचं मन राखायला हात वर केले, आणि टेकाड एकोणीसशे वर्षांचं झालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, चहा आला. गुरुवारच्या पानावर मथळा होता: ‘इंदिरानगरचं टेकाड शंभर वर्षांनी तरुण.’ खाली छोट्या अक्षरात, शुक्रवारी वीज जाणार असल्याची बातमी.

मोहिनीबाईंनी हिशेब केला. या गतीने टेकाड आपल्या खऱ्या वयावर यायला दीड वर्षाहून जास्त लागणार होतं. निवृत्ती एप्रिलमध्ये. कंत्राटदार तर स्पष्टच म्हणाला होता, “बाई, जानेवारीत खोदायला मिळालं नाही तर मी पाथर्डी फाट्याचं काम घेतो. मग पुढच्या दिवाळीपर्यंत मला हाक मारू नका.”

डिसेंबरच्या सभेत त्यांनी आणखी शंभर वर्षं मागितली. ती मिळाली. एवढ्यात खैरनार सर उभे राहिले. मागच्या सभेला मतदानाच्या आधी ते बसस्टॉपकडे निघून गेले होते आणि त्यांच्यामागे झालेली घट त्यांना मुळीच मान्य नव्हती.

“ही काय भाजी आहे का?” ते म्हणाले. “दर महिन्याला भाव पाडायला? मी पाचशे वर्षं वाढवण्याची सूचना मांडतो.”

“वाढवायला मर्यादा नाही?” मोहिनीबाईंनी विचारलं.

“छे, वाढीला कशाला मर्यादा?” वामनराव म्हणाले. “वाढीनं कुणी आजारी पडत नाही.”

अतिप्राचीन गटाने हात वर केले. टेकाड तेवीसशे वर्षांचं झालं. म्हणजे दोन सभांमध्ये, दोन वेळा भाषण करून, मोहिनीबाईंनी त्याचं वय तीनशे वर्षांनी वाढवलं होतं.

घरी येताना बसमध्ये गोरक्षराव म्हणाले, “तेवीसशे म्हणजे बुद्धाच्या जवळपास जातंय नाही?”

“एप्रिलनंतर आपण राहायचं कुठे?”

“होईल गं काहीतरी.”

“काहीतरी म्हणजे काय? टेकाडावर? तिथे चढू नये, असं लिहिलंय.”

उतरताना गोरक्षरावांनी त्यांची पिशवी न सांगता घेतली.

सोमवारी प्रयोगशाळेत नवीन कोळशाचा नमुना आला होता. मोहिनीबाईंनी तो दळला, चाळला, वजन करून मुशीत भरला आणि भट्टीत ठेवला. हे काम त्यांनी इतक्या वेळा केलं होतं की हात आपोआप चालत. भट्टी तापेपर्यंत त्या समोरच्या ढेकळाकडे बघत बसल्या. ढेकळावर एका पानाचा ठसा होता, बारीक शिरा दिसत होत्या. असं झाड आता पृथ्वीवर नाही. ते दलदलीत पडलं, त्याच्याबरोबर गाळही दबला, आणि त्या गाळाची आपण राख करतो. म्हणजे राखेतला पदार्थ भट्टीत जन्माला येत नाही. तो आधीचाच असतो. फार आधीचा.

आणली तेव्हा ती किती जुनी होती, हे कुठं विचारलं होतं मी?

मोहिनीबाईंनी मूस बाहेर काढायची वेळ टळू दिली. त्यांच्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं. मग त्यांनी कपाटातून मंडळाच्या घटनेची छापील प्रत काढली. ती प्रत्येक नव्या सदस्याला मिळत असे आणि आजवर कुणी उघडली असण्याची शक्यता कमी होती. कलम दोनपाशी त्या बराच वेळ थांबल्या. आपण खोटं तर बोलणार नाही ना, हे त्यांनी चारी बाजूंनी तपासून पाहिलं. खोटं नव्हतं. मग त्यांनी नमुना पुन्हा नव्याने लावला.

जानेवारीच्या सभेला थंडी होती आणि गिरणी जोरात चालू होती. संक्रांतीच्या आधीचा रविवार, बाजरी दळायला खाली रांग लागलेली. मोहिनीबाई उभ्या राहिल्या तेव्हा वामनराव दयाळूपणे म्हणाले, “शंभर ना ताई? घ्या, घ्या.”

“नाही, अध्यक्ष महाराज. मला वाढ मागायची आहे.”

खैरनार सर खुर्चीत सरसावून बसले.

“या टेकाडातला पदार्थ,” मोहिनीबाई एकेक शब्द मोजून म्हणाल्या, “पंचवीस कोटी वर्षांपूर्वी साचला आहे. हे मी शास्त्राच्या आधाराने सांगते आहे. टेकाडाचं वय ठरवताना त्यातल्या पदार्थाचं वय धरावं आणि ते पंचवीस कोटी वर्षं नोंदवावं, अशी माझी सूचना आहे.”

खाली गिरणीचा पट्टा फटफटला.

“कोटी?” संध्याताईंनी विचारलं. त्या पानासाठी टिपून घेत होत्या.

“कोटी.”

“आणि हे सिद्ध होईल?”

“कुठल्याही प्रयोगशाळेत.”

मग एकदम गलका झाला. कुणी टाळी वाजवली, कुणी मोहिनीबाईंच्या पाया पडायला निघालं. “पुण्याचं मंडळ दोन लाख वर्षांच्या एका दगडावर किती वर्षं मिरवतंय!” कुणीतरी ओरडलं. खैरनार सरांचे डोळे भरून आले होते. “तीस करा,” ते म्हणाले. “तीस कोटी करून टाका ताई, एकदाच काय ते!”

“पंचवीस,” मोहिनीबाई म्हणाल्या.

“अहो, पाच कोटींनी काय होतंय?”

“खोटं होतंय.”

“बरं, पंचवीस. अनुमोदक कोण?” वामनरावांनी विचारलं.

गोरक्षरावांनी दोन्ही हात वर केले. वामनरावांनी त्यातला एक खाली घ्यायला सांगितला. मतदान झालं. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच ठराव एकमताने मंजूर झाला. संध्याताईंनी त्याच बैठकीत मथळा लिहून वाचून दाखवला. वामनरावांनी खिशातून रुमाल काढून डोळे पुसले, आणि पिठामुळे रुमालाची कणीक झाली.

“आयत्या वेळचे विषय,” त्यांनी जड आवाजात पुकारलं. “नसतील तर चहा.”

“आहे,” मोहिनीबाई म्हणाल्या. “कलम दोन वाचावं.”

वामनरावांनी घटना मागवली, धूळ झटकली आणि मोठ्याने वाचलं. “‘मंडळाचे कार्यक्षेत्र नाशिक परिसरातील मानवी इतिहास एवढेच राहील.’ बरोबर. मग?”

“पंचवीस कोटी वर्षांपूर्वी माणूस नव्हता.”

“नव्हता?” वामनरावांनी खैरनार सरांकडे पाहिलं.

खैरनार सर काही क्षण विचार करत होते. “थोडे असतील,” ते शेवटी म्हणाले.

“एकही नव्हता,” मोहिनीबाई म्हणाल्या. “त्यामुळे हे टेकाड मंडळाच्या कार्यक्षेत्राबाहेर गेलं आहे. पाटी काढावी आणि मला ना हरकत द्यावी.”

आता कुठे एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडू लागला, आणि त्या उजेडाने कुणाला आनंद झाला नाही.

“वय परत खाली घेऊ!” संध्याताई म्हणाल्या. “तेवीसशेवर आणू.”

“आणा,” मोहिनीबाई म्हणाल्या. “कलम सात. एका सभेत शंभर.”

वामनरावांनी कागदावर भागाकार मांडला. शून्यं पुन्हा मोजली. “पंचवीस लाख सभा होतील,” ते म्हणाले. “महिन्याला एक धरली तर... नाही. माझ्याच्यानं नाही होणार.”

“कलम सात बदला!” मागून कुणीतरी म्हणालं.

“आणि पुन्हा बारव मंगळवारवर येऊ द्यायची का?” बारववाले गृहस्थ खुर्चीतून उठलेच. त्यांचा चेहरा पाहून तो विषय तिथेच संपला.

वामनराव उठून मोहिनीबाईंपाशी आले.

“ताई, ना हरकत देतो. हे पत्र आत्ता लिहितो. पण एक विनंती आहे. तीन महिने ते टेकाड आपलं होतं. असं तोंड फिरवून पाटी उपटायची, हे बरं दिसत नाही. निरोप समारंभ करू द्या.”

“टेकाडाचा?”

“छोटासा. शाल, श्रीफळ, दोन शब्द.”

मोहिनीबाईंनी नकार द्यायला तोंड उघडलं. मग त्यांना दिसलं, की गोरक्षराव त्यांच्याकडे बघत आहेत. “खोदाई शुक्रवारी सुरू होणार,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आत आटपा.”

भिकन अहिरेने मंडळाचं पत्र उलटसुलट करून पाहिलं. “मॅडम, पण आता तर ते आणखी जुनं झालं ना? पत्रात कोटी लिहिलंय.”

“हो. पण आता ते ऐतिहासिक नाही.”

“मग काय हाय?”

“नुसतं जुनं.”

भिकनने तपासणीच्या कागदावरून बोट फिरवलं. वरपासून खालपर्यंत, मग मागच्या बाजूला. “नुसत्या जुन्याचा कॉलम नाय आपल्याकडं,” तो म्हणाला आणि सही केली.

शुक्रवारी सकाळी कंत्राटदार माणसं आणि घमेली घेऊन आला, तेव्हा प्लॉटवर सतरंजी अंथरलेली होती. समारंभ गुरुवारी व्हायचा होता, पण गुरुवारी सगळे पान छापण्यात गुंतले होते. मजूर फावड्यांवर हात ठेवून उभे राहिले. खैरनार सरांनी टेकाडाचं एक चित्र काढून आणलं होतं, त्यात ते जरा उंच दाखवलं होतं. संध्याताईंनी परिचय करून दिला. वामनराव बोलले. टेकाडाने पंचवीस कोटी वर्षांच्या प्रदीर्घ कारकिर्दीत कधीही कुणाला त्रास दिला नाही, ते सदैव एका जागी राहिलं, आणि मंडळातल्या वादांत त्याने कुणाचीही बाजू घेतली नाही, असं ते म्हणाले. मग ते वर चढले. पाटीचे नट सोडवताना त्यांचा पाना सारखा निसटत होता, तेव्हा गोरक्षराव वर गेले आणि पाना त्यांच्या हातातून अलगद घेऊन दोन झटक्यांत पाटी सोडवली.

टेकाडावर शाल पांघरली. नारळ ठेवला. सत्काराला उत्तर कुणी द्यायचं, असा प्रश्न आला आणि सगळ्यांनी मोहिनीबाईंकडे पाहिलं.

त्या पुढे आल्या. पदर सारखा केला. बोलण्यासारखं त्यांच्यापाशी काही नव्हतं, आणि नसलेलं बोलायची त्यांना सवय नव्हती.

“टेकाड इथेच राहणार आहे,” त्या अखेर म्हणाल्या. “जोत्याखाली. घर झालं की या सगळ्यांनी.”

वामनरावांनी टाळ्या सुरू केल्या. मजुरांनीही वाजवल्या. मोहिनीबाईंनी शाल उचलून झटकली, राख वाऱ्यावर गेली, आणि ती शाल त्यांनी गोरक्षरावांच्या खांद्यांवर टाकली. मग नारळ उचलला. कंत्राटदाराने विचारलं, भूमिपूजनाला नारळ आणलाय ना बाई? त्यांनी हातातल्या नारळाकडे पाहिलं, शेंडी तपासली, कानाशी नेऊन हलवून पाणी आहे की नाही ते बघितलं, आणि दगडावर फोडला.

“चला,” त्या म्हणाल्या. “ईशान्येकडून सुरुवात करा.”